मुलाखतीत नापास, कामात नव्हे

‘धडधाकट पोरांना नोकऱ्या नाहीत, तिथे यांना कुठून द्यायच्या?’

ऑटिझम (स्वमग्नता) किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांच्या नोकरीचा विषय निघाला की हा प्रश्न पहिल्या दोन मिनिटांत येतो. मुंबईच्या भांडुपात तर तो येणारच. इथल्या माणसांनी नोकऱ्या जाताना पाहिल्या आहेत. लालबहादूर शास्त्री मार्गाच्या कडेने एके काळी कारखान्यांची रांग होती. गेस्ट कीन विल्यम्स होती, एशियन पेंट्सचा कारखाना होता. सिएटचा टायर कारखाना अजून आहे, पण रांग मोडली. त्या जागी मॉल आले, टॉवर आले आणि टॉवरच्या गेटवर पाळी करणारा पदवीधर आला. कोकणनगर, टेंभीपाडा, तुळशेतपाडा, गाढव नाका, कुठेही जा, असा एखादा पदवीधर भेटतोच. त्याच्या बापाने ‘यांना कुठून द्यायच्या’ असं विचारलं तर त्याला निर्दयी म्हणता येत नाही.

त्याचं चुकतंय, एवढं मात्र म्हणावं लागतं.

आधी हिशेब पाहू. हिसकावून घेतलं म्हणायला मुळात दिलंय किती? १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखून ठेवल्या, त्या अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग व्यक्तींसाठी. ‘मतिमंदत्व’ त्या कायद्याच्या अपंगत्वाच्या यादीत होतं, राखीव जागांच्या वाटणीत नव्हतं. ऑटिझमचा तर दोन्हीकडे पत्ता नव्हता. म्हणजे हा माणूस अपंग आहे हे सरकारला मान्य होतं, तो काम करू शकेल हे मान्य नव्हतं. ही चूक सुधारायला २१ वर्षं लागली. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले, आरक्षण ४ टक्के झालं. त्यातले पहिले तीन टक्के साधारण पूर्वीच्याच तीन गटांचे. चौथ्या टक्क्यात ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता असे पाच जण एकाच सतरंजीवर बसवले आहेत. शंभर पदांमागे एक जागा, आणि तीही बहुतेक वेळा लेखी परीक्षेतून भरायची. विशेष शाळेतून अठराव्या वर्षी बाहेर पडलेल्या, दहावीचं प्रमाणपत्र हाती नसलेल्या मुलीने त्या परीक्षेला बसायचं कसं, याचं उत्तर कायद्यात नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०२१ मध्ये दिव्यांगांना योग्य अशी ३,५६६ पदं अधिसूचित केली. कागद म्हणून ती यादी चांगली आहे. पण पद योग्य ठरवणं आणि त्या पदापर्यंत जाणारी वाट योग्य करणं, या वेगळ्या गोष्टी आहेत.

खासगी क्षेत्रात तर सक्तीच नाही. ज्या कंपनीत किमान ५ टक्के कर्मचारी दिव्यांग असतील तिला सरकारने प्रोत्साहन द्यावं, असं याच कायद्याचं कलम ३५ सांगतं, तेही सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. जर्मनीत वीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला ठेवणाऱ्या मालकाने ५ टक्के जागा दिव्यांगांना द्यायच्या, नाही दिल्या तर दंडवजा आकार भरायचा. आपल्याकडे तसं काही नाही. तेव्हा टॉवरच्या गेटवर बसलेल्या पदवीधराची नोकरी कुणा स्वमग्न तरुणाने खाल्लेली नाही. ती कुणी खाल्ली याची चौकशी कंत्राटदाराच्या दारात करावी.

आता एक आकडा, जो वाचून सरकारी बाबू खूश होऊ शकतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७६ व्या फेरीत, २०१८ साली, पंधरा वर्षांवरच्या दिव्यांगांमधला बेरोजगारीचा दर निघाला ४.२ टक्के. वाटतं, वा, छान चाललंय की! त्याच पाहणीतला दुसरा आकडा असा, की श्रमशक्तीत त्यांचा सहभाग फक्त २३.८ टक्के. पाहणीच्या भाषेत काम शोधतो तो बेरोजगार. जो शोधायला बाहेरच पडला नाही, ज्याला कुणी ‘तू काय करणार?’ असं विचारलंच नाही, तो बेरोजगारांत धरला जात नाही. तो ‘घरी असतो’. चारातले तीन जण असे घरी आहेत, आणि ही सगळ्या प्रकारच्या अपंगत्वांची मिळून झालेली गोष्ट. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेले; त्यात ऑटिझमला स्वतंत्र रकानाही नव्हता.

घरी असणाराही एकटा नसतो. त्याच्याबरोबर आणखी एक माणूस घरी असतं, बहुतेक घरांत आई. तिची शिक्षिकेची, टायपिस्टची, पालिकेची नोकरी सुटलेली असते आणि ती सुटली याची नोंद कुठल्याच पाहणीत नसते. तेव्हा ‘यांना नोकरी दिली तर एक नोकरी कमी होईल’ असं मांडणाऱ्याने पाटीच्या दुसऱ्या बाजूला हेही लिहावं, की यांना नोकरी न देऊन दोन माणसं कामाबाहेर बसवली आहेत.

पहिला प्रतिपक्ष रागावलेला आहे. दुसरा सभ्य आहे, आणि म्हणूनच त्याच्याशी वाद घालणं अवघड. तो कंपनीच्या मनुष्यबळ विभागात बसतो. ‘आम्हाला घ्यायचंय हो, मनापासून घ्यायचंय. पण मुलाखतीत बसत नाहीत. कामाचा दर्जा तर आम्हाला सांभाळावा लागतो ना!’

मुलाखत म्हणजे काय, हे एकदा नीट पाहायला हवं. अनोळखी खोली. समोर तीन अनोळखी माणसं. त्यांच्या डोळ्यांत बघून हसायचं. ‘स्वतःबद्दल सांगा’ या प्रश्नाला उत्तर द्यायचं, ज्याला सुरुवातही नाही आणि शेवटही नाही. ‘पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल?’ या प्रश्नाला खोटं बोलायचं, पण ते खरं वाटेल इतक्या सफाईने. ऑटिझम असलेल्या माणसाला यातली प्रत्येक गोष्ट जड जाते. नजरेला नजर देणं त्याला त्रासाचं होतं. मोघम प्रश्नाचा अर्थ लागत नाही. आणि खोटं बोलणं पुष्कळांच्या स्वभावातच नसतं. बरं, ज्या कामासाठी ही मुलाखत, ते काम काय? आलेल्या पार्सलवरचे क्रमांक यादीशी ताडून पाहायचे. फायली वर्षवार लावायच्या. पाकिटांना सील मारायचं. यातल्या कोणत्या कामाला पाच वर्षांनंतरचं स्वप्न लागतं?

म्हणजे परीक्षा पोहण्याची आणि नोकरी टंकलेखनाची. नापास होणाऱ्याला आपण अकार्यक्षम म्हणतो. परीक्षा घेणाऱ्याला कुणी काहीच म्हणत नाही.

याला पर्याय आहे, आणि तो परदेशातून आणावा लागत नाही. उमेदवाराला दोन आठवडे प्रत्यक्ष कामावर बसवून बघा. पहिल्या दिवशी तो गोंधळेल. चौथ्या दिवशी त्याला जागा, आवाज, डबा खायची वेळ हे सगळं ओळखीचं होईल. दहाव्या दिवशी त्याचं काम मोजा आणि मग ठरवा. भांडुपच्या कुठल्याही गाळ्यात नवा हेल्पर ठेवताना मालक हेच करतो. तिथे कुणी ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हणत नाही. ‘चार दिवस ये, बघू’ म्हणतात. मुलाखतीचं खूळ पांढरपेशा ऑफिसांचं आहे.

‘पण काम जमलं पाहिजे ना?’ जमलंच पाहिजे. मात्र काम म्हणजे दगडाची शिळा नव्हे, की ती आहे तशीच्या तशी उचलता आली तर ठीक, नाहीतर घरी जा. कामाचे तुकडे पडतात. हे तुकडे पाडण्याचं शास्त्र मुंबईत सत्तर वर्षांहून जुनं आहे. जन्माने अमेरिकन आणि लग्नाने निंबकर झालेल्या कमलाताईंनी १९५० मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची देशातली पहिली शाळा सुरू केली. माणसाला कामाजोगं करायचं आणि काम माणसाजोगं करायचं, अशी या विद्येची दोन टोकं. पहिल्या टोकाला आपण पुष्कळ पैसे आणि वर्षं घालवली. दुसऱ्याला हातच लावला नाही.

हात लावला की काय होतं, त्याचं एक साधं उदाहरण. गाळ्यात पिशवीमागे वीस स्क्रू भरायचे आहेत. मुलाला वीसपर्यंत मोजता येत नाही, किंवा मोजता मोजता लक्ष उडतं. मग तो या कामाला नालायक? लाकडाच्या फळीला वीस खाचा पाडा. प्रत्येक खाचेत एक स्क्रू. सगळ्या खाचा भरल्या की फळी पिशवीत उपडी करायची. मोजणं संपलं. आता चूक होण्याची शक्यता मोजणाऱ्या पदवीधराइतकीच, कदाचित कमी, कारण त्याचं अर्धं लक्ष मोबाइलमध्ये असतं. खर्च एका प्लायवुडच्या तुकड्याचा आणि सुताराच्या अर्ध्या तासाचा.

ही कल्पनेतली गंमत नव्हे. जपानमधल्या कावासाकीला निहोन रिकागाकू नावाची कंपनी आहे. ती खडू बनवते, शाळेतले साधे खडू. १९६० मध्ये तिने विशेष शाळेतल्या दोन मुलींना कामावर घेतलं. आधी त्या थोड्या दिवसांच्या अनुभवासाठी आल्या होत्या. त्यांना कायम ठेवा, असा आग्रह बाकीच्या कामगारांनीच धरला. आज तिथल्या कामगारांत ७० टक्क्यांच्या आसपास लोक बौद्धिक अक्षमता असलेले आहेत. वजनावरचे आकडे वाचता येत नाहीत? मग लाल डब्यातल्या मालाला लाल वजन, निळ्या डब्यातल्या मालाला निळं. घड्याळ कळत नाही? मग वाळूचं घड्याळ. वाळू संपली की यंत्र बंद. ही कंपनी धर्मादाय नाही, बाजारात खडू विकून जगते. जपानने बौद्धिक अक्षमता असलेल्यांना सक्तीच्या कोट्यात धरलं ते १९९८ पासून. खडूवाल्याने ३८ वर्षं आधीच सुरुवात केली होती.

जपान लांबचा वाटत असेल तर जुहू जवळ आहे. मानसशास्त्रज्ञ आणि स्वतः पालक असलेल्या डॉ. सुषमा नगरकर आणि त्यांच्या सहकारी अशैता महाजन यांच्या यश चॅरिटेबल ट्रस्टने तिथे २०१८ मध्ये ‘अर्पण’ हा कॅफे सुरू केला. त्याआधी त्यांनी डब्यांची सेवा चालवली. कॅफेत ऑटिझम, डाऊन सिंड्रोम आणि इतर विकासात्मक अक्षमता असलेली प्रौढ माणसं काम करतात. कामं माणसागणिक वाटलेली. ज्याला लोकांशी बोलायला आवडतं तो टेबलापाशी, ज्याला गर्दी नको तो आत. सीबीडी बेलापूरला डाऊन सिंड्रोम असलेल्या एका तरुणीने २०१६ मध्ये स्वतःचं उपाहारगृह काढलं. सोफिया महाविद्यालयाच्या आवारातून वाढलेली ‘ओम क्रिएशन्स’ १९९१ पासून बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रियांच्या हातच्या वस्तू आणि खाद्यपदार्थ विकते आहे.

त्याच १९९१ साली ‘चौकट राजा’ हा चित्रपट आला होता. दिलीप प्रभावळकरांचा नंदू पाहून सगळा महाराष्ट्र रडला. थिएटरबाहेर पडताना मात्र, हा नंदू चाळिशीत पोटाला काय करणार, हा प्रश्न कुणी रुमालाबरोबर खिशात घातला नाही. २०२५ मध्ये ‘सितारे जमीन पर’मध्ये आमिर खानबरोबर दहा न्यूरोडायव्हर्जंट कलाकार झळकले आणि पुन्हा गर्दी झाली. निदान या खेपेला त्या दहा जणांना कामाचे पैसे मिळाले, ही प्रगती म्हणायची.

कॅफे ठीक आहेत, पण त्यांच्यावर विसंबून राहण्यात एक धोका आहे. कॅफे दिसतो. पाहुणा येतो, कॉफी पितो, फोटो काढतो, भारावून जातो आणि स्वतःच्या ऑफिसात परत जाऊन त्याच तीन माणसांच्या मुलाखतीला बसतो. सुप्रीम कोर्टाच्या आवारात नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग कर्मचाऱ्यांचा ‘मिट्टी कॅफे’ उघडला. खुद्द सरन्यायाधीशांनी उद्घाटन केलं. चांगलं झालं. पण देशातल्या सगळ्या स्वमग्न माणसांनी कॉफीच का ओतायची? कुणाला कॉफीचा वासही सहन होत नसेल. काम म्हणजे गोदाम, छापखाना, ग्रंथालय, नर्सरी, धोबीखाना, बेकरी, स्कॅनिंग, माल तपासणी. भांडुप ते मुलुंडच्या पट्ट्यात अजून शिल्लक असलेल्या गाळ्यांत भरणं, लावणं, चिकटवणं, तपासणं हेच दिवसभर चालतं.

तिसरा प्रतिपक्ष तर स्तुती करतो, आणि तो सगळ्यांत फसवा. ‘हे लोक जीनियस असतात!’ हॉलिवूडच्या ‘रेन मॅन’ने १९८८ मध्ये हा समज जगभर पसरवला. पुढे सॉफ्टवेअर कंपन्यांनी त्याला धंद्याचं रूप दिलं. डेन्मार्कच्या ‘स्पेशलिस्टर्न’ने २००४ पासून ऑटिझम असलेल्यांना सॉफ्टवेअर चाचणीची कामं दिली, ‘सॅप’ने आपला ऑटिझम उपक्रम सुरू केला तो भारतात, बंगळुरूच्या कार्यालयात. पदवी मिळवलेल्या, संगणकात रमणाऱ्या तरुणांना त्याचा फायदा झाला आणि तो व्हावाच. पण प्रत्येक स्वमग्न माणसात एक आइनस्टाइन दडलाय असं म्हणणं म्हणजे ज्यांच्यात तो नाही त्यांना पुन्हा दाराबाहेर उभं करणं. साधारण बुद्धीच्या, साधारण हाताच्या, रोज वेळेवर येणाऱ्या, कधी कधी कंटाळा करणाऱ्या लाखो माणसांना आपण नोकऱ्या देतोच की. मग ऑटिझमवाल्यानेच अलौकिक का असावं?

आणि हेही मान्य करायला हवं, की सगळ्यांना नोकरी जमणार नाही. काहींना आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताची गरज राहील. काहींना दोन तासांचं काम पेलेल, आठ तासांचं नाही. काही जण चांगले रुळलेले असताना साहेब बदलला, टेबल हललं, वर पंखा नवा आला, एवढ्याने कोलमडतील. ज्यांनी ही माणसं जवळून पाहिली आहेत ते याबद्दल गोड गोड बोलत नाहीत. पण ‘सगळ्यांना जमणार नाही’ या खऱ्या वाक्यातून ‘कुणालाच देऊ नका’ हे खोटं वाक्य निघत नाही. कुणाला जमेल हे प्रमाणपत्रावरच्या टक्क्यांवरून ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी, मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या एका वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात, नेमकं हेच बजावलं: ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व एवढ्यावरून कुणाला अपात्र ठरवू नका, तो शिक्षण घेऊ शकतो की नाही ते तपासा. वैद्यकीय महाविद्यालयाला जे लागू, ते गोदामाला लागू व्हायला काय हरकत आहे?

‘अहो, पण त्यांच्यासाठी कर्मशाळा आहेत ना!’ आहेत. आणि त्यांचा महाराष्ट्राला अभिमान असायला हवा. शिवडीला जय वकील फाउंडेशन १९४४ पासून उभं आहे. पुण्याची कामायनी १९६४ ची. रत्नागिरीत आविष्कार संस्थेची श्यामराव भिडे कार्यशाळा, कोल्हापुरात चेतना, ठाण्यात विश्वास. आई-वडिलांनी, शिक्षकांनी हाडाची काडं करून उभ्या केलेल्या जागा. कुणीच काही करत नव्हतं तेव्हा यांनी केलं.

तरीही दिवाळीला चार पणत्या आणि दोन कंदील विकत घेऊन आपलं कर्तव्य झालं, असं मानणाऱ्या गिऱ्हाइकाला विचारलं पाहिजे: या पणत्या रंगवणाऱ्याला महिन्याला काय मिळतं? बहुतेक ठिकाणी त्याला पगार म्हणत नाहीत. मानधन म्हणतात, विद्यावेतन म्हणतात. दोष एकट्या संस्थांचा नाही. पणतीच्या किमतीत पगार निघतच नाही. पण त्यामागे एक जुनी समजूतही आहे, आणि ती कायद्याच्या पुस्तकात छापलेली होती. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या कलम २६ ने सरकारला अधिकार दिला होता, की अपंग कामगारांना किमान वेतनाच्या तरतुदी लागू नाहीत असं जाहीर करावं. अमेरिकेने हेच १९३८ मध्ये केलं होतं आणि तिकडे त्यावर अजून भांडण चालू आहे. त्यांच्या हाताला किंमत कमी, हे आपण आधी ठरवलं. मग त्यांनी कमी कमावलं, म्हणून ते सिद्धही झालं.

शब्दही तेच सांगतात. पस्तीस वर्षांच्या, दाढी पांढरी व्हायला लागलेल्या माणसाला संस्थेत ‘आमची मुलं’ म्हणतात. प्रेमानेच म्हणतात. पण मुलांना खाऊ देतात, पगार देत नाहीत.

भांडुपात कोकणातून आलेली घरं पुष्कळ. त्या घरांतल्या म्हाताऱ्यांना गावचा असा एखादा तरी माणूस आठवतो. तो गुरं राखायचा, पाणी शेंदायचा, कुणाच्या लग्नात ढिगाने नारळ सोलायचा, शिमग्याला पालखीपुढे अब्दागीर धरायचा. त्याला चिडवायचे, कधी मारायचेही, आणि मजुरी म्हणून दोन वेळचं जेवण. त्या काळाचे गोडवे गायचं कारण नाही. पण तो ‘घरी बसलेला’ नव्हता. त्याच्याच जातकुळीचा नातू टेंभीपाड्यातल्या खोलीत आला आणि बेकार झाला. त्याची बुद्धी कमी झाली नाही, भोवतालची गुरं आणि विहीर गेली. कामाचं तुकडे पाडलेलं जग सुटलं आणि दहावीच्या गुणपत्रिकेचं जग आलं.

आता पालकांची बाजू, जी मालक कधी ऐकत नाहीत. कधी कधी मुलाला नोकरीला पाठवायला पालकच तयार नसतात, आणि त्यात त्यांचा दोष कमी, नियमांचा जास्त. बाप रेल्वेत किंवा केंद्र सरकारात होता. त्याच्या पश्चात बौद्धिक अक्षमता असलेल्या अपत्याला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, पण अट अशी, की ते स्वतःचं पोट भरण्याइतकं कमावत नसावं. पूर्वी ही मर्यादा महिना ९,००० रुपये आणि त्यावर महागाई भत्ता इतकीच होती. म्हणजे दहा-बारा हजारांची, कधी सुटेल याचा नेम नसलेली खासगी नोकरी की जन्माची खात्री? कोणती आई नोकरी निवडेल? २०२१ मध्ये केंद्राने मर्यादा वाढवून वडिलांच्या शेवटच्या पगाराच्या ३० टक्के आणि त्यावरची महागाई, अशी केली. त्यामुळे साधी नोकरी धरून पेन्शनही राखता येईल, अशी घरं आता बरीच असतील. ही गोष्ट पालकांच्या बैठकीत, कर्मशाळेच्या फळ्यावर लिहायला हवी. पेन्शन कार्यालयाच्या परिपत्रकात ती कुणी वाचत नाही.

दुसरी गंमत लोकलची. बौद्धिक अक्षमता असलेल्यांना रेल्वेची भाडेसवलत आहे, पण नियमातले शब्द बघा: सोबतीशिवाय प्रवास करू न शकणारे. आता समजा एखाद्या आईने वर्षभर खपून मुलाला एकट्याने भांडुप ते दादर जायला शिकवलं. फलाट कुठला, डबा कुठला, कांजूरमार्ग आणि विक्रोळीनंतर काय येतं, दारात उभं राहायचं नाही, कुणी हात धरला तर काय म्हणायचं, सगळं. मूल शिकलं. नियम वाचला तर त्याची सवलत संपली. प्रगतीची शिक्षा म्हणतात ती हीच. रेल्वेच्या नियमातून ही अट काढायला एका परिपत्रकाहून जास्त काही लागत नाही.

आणि पगार जमा व्हायला बँकेत खातं लागतं. अठरा वर्षं पूर्ण झाली की, सही आणि संमतीचा प्रश्न पुढे करून, बँक पालकत्वाचा दाखला मागते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली तो जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती देते. भांडुपकराने त्यासाठी वांद्र्याला, मुंबई उपनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जायचं. शाळा सुटायच्या आधीच, सतराव्या वर्षी ही तयारी सुरू केली तर पहिला पगार अडत नाही.

राहिली ती भीती, जिला उत्तर देणं सोपं नाही: कामावर कुणी त्रास दिला तर? कुणी फसवलं, अंगाला हात लावला तर? ही भीती खरी आहे. पण घर सुरक्षित आणि जग असुरक्षित ही समजूत पारखून घ्यायला हवी. आई-वडील सत्तरीला आल्यावर ते घर कुणाच्या हाती असणार? जो माणूस रोज बाहेर जातो, दहा जण त्याला नावाने ओळखतात, एक दिवस आला नाही तर ‘आज का आला नाही?’ म्हणून फोन येतो, त्याच्यावर अधिक डोळे असतात. कामावर एक ठरलेला सहकारी, ज्याला सगळं विचारायचं आणि सगळं सांगायचं, नेमून दिला तर निम्मी भीती तिथेच कमी होते. त्याला जॉब कोच म्हणा नाहीतर दादा म्हणा.

तेव्हा ‘यांना कुठून द्यायच्या?’ या प्रश्नावर एक काम लगेच करता येण्याजोगं आहे. २०१६ च्या कायद्याच्या कलम २१ नुसार प्रत्येक आस्थापनेने, मग ती सरकारी असो वा खासगी, समान संधी धोरण जाहीर करायचं आहे. २०१७ च्या नियमांनुसार ते संकेतस्थळावर, नाहीतर आवारात दिसेल अशा जागी लावायचं आहे. वीस किंवा अधिक माणसं असलेल्या खासगी कंपनीला त्यात दिव्यांगांसाठी कोणती पदं योग्य, निवड कशी करणार आणि संपर्क अधिकारी कोण, हेही लिहावं लागतं. वाचकाने उद्या कामावर गेल्यावर हा कागद मागावा. लावलेला असेल तर त्यात ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता हे शब्द आहेत का, ते बघावं. नसेल तर कुठे आहे, ते मनुष्यबळ विभागाला लेखी विचारावं. त्याची एक प्रत दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवणंही त्याच कलमाने बंधनकारक केलं आहे.